गोड विहिरीचं पाणी

ज्याच्या दारात जुनी गाडी उभी असते त्याला सल्ल्याची वाण कधी पडत नाही. शंभर रुपये उसने मागा, लोक खिसे चाचपतात आणि पाकीट घरी विसरल्याचं सांगतात. भर रस्त्यात गाडीचं बॉनेट मात्र उघडून पाहा. पाच मिनिटांत पाच तज्ज्ञ गोळा होतात आणि त्यातले चार तरी सायकलवरून आलेले असतात.

आमच्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तिचा जन्म झाला. तिची धाकटी बहीण पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून आयुष्यभर राबली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र अजून नोकरीत आहे. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बाबांनी ती सेकंडहँड घेतली आणि तिला चौथ्या अपत्यासारखं वाढवलं. आम्हा तिघा भावंडांना वर्षातून एकदा नवे कपडे मिळत, तिला दोनदा पॉलिश मिळे. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या. थोरल्यानं प्लॉट घेतला, बहिणीनं दागिने घेतले आणि मी भावनेच्या भरात गाडी घेतली. या निर्णयाबद्दल आमची सौ. आजतागायत एक शब्दही बोललेली नाही. तिचं नुसतं पाहणं पुरतं.

गाडीला एकच व्यसन होतं. ती तापायची. चैत्र लागला की बाबांनी हौसेनं बसवून घेतलेला तापमानाचा काटा उजवीकडे कलू लागे. बडनेऱ्यापर्यंत तो विचारात पडलेला असे आणि पुढच्या दहा मैलांत त्याचा निर्णय झालेला असे. मग बॉनेटच्या फटींतून वाफ, खाली टपटप पाणी, आणि मी रस्त्याच्या कडेला बाभळीच्या नावापुरत्या सावलीत.

या तापावर तीन वर्षं औषधोपचार झाले. पहिल्या मिस्त्रीनं नाडी पाहून फॅनबेल्ट ढिला असल्याचं सांगितलं. नवा पट्टा बसवला. दुसऱ्यानं थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हे विलायतेतल्या थंडीसाठी असते साहेब, वऱ्हाडात याचं काय काम?" मला ते पटलं. वऱ्हाडात मे महिन्यात कोणाचंच काही काम नसतं. तिसऱ्यानं वॉटर पंप बदलला. चौथ्यानं इंजिनाचं टायमिंग मागे पडल्याचं निदान केलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, की टायमिंग तर मालकाचंही मागे पडलेलं आहे, त्याचं काय करणार? पाचव्यानं कानाला मफलर बांधावा तशा गंभीर चेहऱ्यानं हेड गॅस्केटचं नाव घेतलं आणि खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला. तोंडानं सांगायचं त्याला धैर्य झालं नसावं. पुण्याच्या भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, गाडी तापली की हीटर लावायचा. इंजिनाची उष्णता आत खेचली जाते." शास्त्र म्हणून ते अगदी बरोबर आहे, कारण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. पण आमच्या गाडीला हीटर नाही. असता तरी मे महिन्यात अमरावती-अकोला रस्त्यावर हीटर लावून बसलेल्या माणसाची गाडी नव्हे, तब्येत दाखवायला नेली असती.

गंमत अशी, की प्रत्येक उपायाला गुण आला. याचं कारण मला फार उशिरा कळलं. गाडी तापायची एप्रिल-मे महिन्यात, मिस्त्री सवड काढायचा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्या आठवड्यात पाऊस यायचा. काटा आपोआप डावीकडे सरकायचा. मिस्त्रीला बिदागी, मला समाधान आणि पुढचा चैत्र येईपर्यंत घरात शांतता. पुष्कळशा वैद्यांची कीर्ती अशीच मृग नक्षत्रावर उभी असावी.

मे २०२४मध्ये मात्र कळस झाला. अकोल्याला मेहुण्यांची एकसष्टी होती. त्या आठवड्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला, आणि २५ मे रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलेलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. गुन्हेगार एकटा सूर्य होता, पण आदेश त्याच्यावर बजावता येत नसल्यामुळे शिकवणीवर्गांच्या वेळांवर आणि कामगारांच्या सोयींवर बजावला होता. सौ. म्हणाली, "रेल्वेनं जाऊ." मी म्हणालो, "फियाटनं जाऊ. मेहुण्यांनी तिच्यातून वरात काढली होती." भावनेच्या भरात मी घेतलेला हा दुसरा निर्णय.

निघायला अकरा वाजले. लोणी मागे पडलं आणि नवा गुळगुळीत रस्ता लागला. हा रस्ता साधासुधा नाही. जून २०२२मध्ये याच लोणी ते माना पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक सलग डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. त्याआधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता. म्हणजे जगात सगळ्यांत झपाट्यानं झालेल्या रस्त्यांपैकी एकावर आमची गाडी कुरुमच्या पुढे निपचित उभी राहिली. विक्रमाला एवढा विरोधाभास खुलून दिसतो.

वाफ फुसफुसत होती. मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला तोच मागून आवाज आला, "हात नका लावू जी! तोंड भाजन!"

पंचा डोक्याला गुंडाळलेला एक म्हातारा सायकल धरून उभा होता. "भर उनाच्या पारी कुठी निंगाले?"

"अकोल्याला."

"अकोल्याले? आज?" त्यानं सौ.कडे सहानुभूतीनं पाहिलं. मग गाडीकडे त्याहून जास्त सहानुभूतीनं. "बैल उनातून आला का त्याले लगेच पानी नाही पाजत, काकाजी. दम खाऊ द्या लागते. हे बी तसंच जनावर हाये."

पुस्तकांत हेच जरा अवघड शब्दांत लिहिलेलं असतं. रेडिएटरचं झाकण पाण्याला दाबाखाली ठेवतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उसळून तोंडावर येतं. तापलेल्या लोखंडात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो तो वेगळाच. पाचही मिस्त्र्यांपैकी एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. बैलवाल्यानं सांगितलं, आणि फी म्हणून एक चिमूट तंबाखू मागितली. ती नेमकी माझ्याकडे नव्हती.

तासाभरानं झाकण उघडलं. डिकीतल्या कॅनमधलं पाणी, इंजिन हळू चालू ठेवून, थोडं थोडं ओतलं. हे पाणी घरचं. म्हणजे अमरावतीच्या नळाचं नव्हे. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीचं. बाबांचा दंडकच होता, की गाडीच्या पोटात घरच्या विहिरीचंच पाणी जायचं. आजोबांनी खणलेली ती विहीर. सगळ्या गावात ‘गोड विहीर’ म्हणून तिचं नाव. दर महिन्याला मी शेतावर जायचो आणि येताना दोन कॅन भरून आणायचो. बाबा गेले, पण दंडक राहिला.

मूर्तिजापूरला पुन्हा थांबलो. इथूनच एके काळी यवतमाळला आणि अचलपूरला शकुंतला सुटायची. अडीच फुटी रुळांवरची ती लहानगी गाडी १९९४पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. तीही वाटेत पाणी पिण्यासाठी थांबायची. पण तिच्याकडे कोणी ‘गाडी तापली’ म्हणून बोट दाखवलं नाही, कारण तिचं कामच तापणं होतं. सौ. म्हणाली, "निदान तिचे प्रवासी तिकीट काढून बसायचे. इथे फुकट बसावं लागतंय." मी उत्तर दिलं नाही. संसारात आणि रेडिएटरमध्ये दाब असताना झाकण उघडू नये, हे मी नुकतंच शिकलो होतो.

अकोल्याला पोचलो तेव्हा एकसष्टीच्या जेवणाची दुसरी पंगत उठत होती. मेहुण्यांनी आधी गाडीचं दर्शन घेतलं आणि मग माझं. "विका आता," ते म्हणाले. ते हे दर भेटीत म्हणतात, म्हणून राग नाही. पण त्या दिवशी मीही पहिल्यांदाच ‘विकावी’ या क्रियापदाचा विचार केला. भंगारवाल्याचा नंबरसुद्धा एका भाच्यानं लगेच शोधून दिला. पुढची पिढी अशा वेळी फार तत्पर असते.

"विकायच्या आधी चाचांना दाखवा," मेहुण्यांचा ड्रायव्हर म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. छोटंसं दुकान, बाहेर रांगेनं उभे केलेले ट्रकचे रेडिएटर, आत स्टोव्ह, कथील, शिशाचा वास. चाचांनी बॉनेट उघडलं नाही. आधी मला बसायला स्टूल दिलं.

"साहब, गरम कब होती? खडे में, के चलते में?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी आठवून सांगितलं, "राजापेठच्या गर्दीत विशेष नाही. हमरस्त्यावर वेग घेतला की तापते."

"बस," चाचा म्हणाले. "खडे में गरम हुई तो पंखे की गलती. चलते में तो हवा अपने आप मिलती. चलते में गरम हुई, मतलब पानी का रास्ता बंद."

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, थोडं कोमट होऊ दिलं, बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून, आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवला. "इधर हात रखो. गरम ना? अब इधर." मधला पट्टा चक्क गार होता. "ये नलियाँ मर गयी. इनमें से पानी जाताच नहीं."

रेडिएटर खाली उतरला. चाचांनी वरच्या टाकीचा कथलाचा सांधा ज्योतीवर उकलला आणि मला आत पाहायला सांगितलं. नळ्यांची तोंडं दिसत नव्हती. आत पांढरट पिवळा दगड जमला होता. कुलरच्या खसवर उन्हाळ्याच्या शेवटी जमतो तसा, पण पन्नास उन्हाळ्यांचा. चाचांनी पात्यानं एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"साहब, गाडी को पिलाते क्या हो?"

मी अभिमानानं सांगितलं, "घरच्या विहिरीचं. गोड पाणी आहे."

"गाँव?"

मी गावाचं नाव सांगितलं. चाचा काही बोलले नाहीत, फक्त हसले. अकोल्याच्या माणसाला दर्यापूर तालुका कुठे येतो ते सांगावं लागत नाही.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, जवळपास नऊशे गावं. वर काळी कसदार जमीन, खाली खारं पाणी. या पाण्यावर ओलीत करता येत नाही. दिलं तर जमीनच बिघडते, कडक होते. म्हणून आमच्याकडे कपाशी, तूर, हरभरा, सगळं पावसाच्या भरवशावर. अशा मुलखात ‘गोड’ हा शब्द फार सापेक्ष असतो. शेजारच्या विहिरीपेक्षा कमी खारट असलेली विहीर गोड ठरते, जशी शेजारच्या जावयापेक्षा कमी पिणारा जावई निर्व्यसनी ठरतो.

म्हणजे जे पाणी आम्ही कपाशीला द्यायला भीत होतो, ते पन्नास वर्षं गाडीला प्रेमानं पाजत होतो. पाणी तापलं की त्यातले क्षार नळ्यांना चिकटतात. थोडं पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. मग आम्ही पुन्हा गोड पाणी भरायचो, म्हणजे नवे क्षार. जितकी गाडी तापेल तितकं पाणी जास्त, आणि जितकं पाणी जास्त तितकी गाडी तापेल. पट्टा, पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग, सगळ्यांवर संशय घेतला. विहिरीवर नाही घेतला, कारण ती आजोबांची. शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी याच भागात खराटा हातात घेतला, आणि त्यांच्याच मुलखात आम्ही गाडी रोज बाहेरून पुसत राहिलो.

चाचांनी दोन दिवस लावून एकेक नळी सळईनं साफ केली आणि सक्त ताकीद दिली, की यापुढे बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही. खपली मी रुमालात बांधून घेतली. ती घेऊन थेट गावी गेलो, मोठेबाबांकडे.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढे. घरात शहानूर धरणाच्या योजनेचा नळ आलेला आहे, पण ते पाणी त्यांना पानचट लागतं. ते आजोबांच्या विहिरीचंच पितात. त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय आणि तो खडा त्यांनी एका छोट्या बाटलीत घालून देवळीत ठेवलाय. पाहुणा आला की चहाच्या आधी खडा दाखवतात. आता पुन्हा त्यांना अधूनमधून कळ येते. डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलंय. मुलांनी सांगितलं, सुनांनी सांगितलं, मी दर महिन्याला सांगतो.

"माह्या बापानं खंदली थे विहीर," ते म्हणतात. "तो नव्वद वर्सं जगला तिच्यावर." या युक्तिवादापुढे धरणसुद्धा हरतं.

मी बाटलीशेजारी खपली ठेवली. रंग तोच, पोत तोच. रसायनशास्त्रातला माणूस म्हणेल, की दोन्ही पदार्थ वेगळे आहेत, आणि मुतखड्याला कारणंही पुष्कळ असतात. ते खरंच आहे. पण आमच्या देवळीत रसायनशास्त्रातला माणूस नव्हता.

मोठेबाबांनी चष्मा लावला. दोन्ही तुकडे उजेडात फिरवून पाहिले.

"हा कोनाचा?"

"फियाटचा."

"तिले बी झाला?"

"पन्नास वर्षं आपलंच पाणी पीत होती."

स्वयंपाकघरातून मोठ्या आईचा आवाज आला, "मी कव्हाची सांगून राह्यली! त्या पान्यात तुरीची दाळ कधी शिजते काय? दाळ मी नळाच्याच पान्यात शिजवतो, म्हनून तुमी खाऊन राह्यले!"

मोठेबाबा गप्प झाले. म्हणजे पाचही मिस्त्री, पुण्याचा भाचा आणि मी यांच्या आधीच निदान आमच्या चुलीपाशी झालं होतं. फक्त त्या मिस्त्रीला कोणी विचारलं नव्हतं.

"आता काय पेते गाडी?" त्यांनी जरा वेळानं विचारलं.

"बाटलीतलं. शुद्ध."

"हं. लय लाड हायेत," एवढंच म्हणून त्यांनी विषय मिटवला. मी निघालो तेव्हा सवयीनं त्यांनी गड्याला कॅन भरायला सांगितले, मग स्वतःच "राहू दे" म्हणाले. पहिल्यांदाच मी गावाहून रिकामे कॅन घेऊन परतलो. डिकीत ते वाटभर खडखड वाजत होते.

पुढच्या एप्रिलमध्ये, ऐन दुपारी, फियाट घेऊन गावी गेलो. काटा मध्यावर उभा राहिला तो हललाच नाही. अंगणात गाडी शिरली तेव्हा मोठेबाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी "कसा आहेस" विचारलं नाही. उठून बॉनेटवर हात ठेवला.

"तापली नाही वाटते?"

"नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि आत हाक मारली, "अवं, तो नळाचा गुंड आन इकडे." पेला भरून घेतला, तोंड कडू औषध घेतल्यासारखं केलं आणि घोट घोट करून संपवला. "पानचटच हाये," ते म्हणाले. "पन म्हातारी गाडी पेते तं आपल्याले काय झालं?"

देवळीत आता दोन बाटल्या आहेत. पाहुणा आला की मोठेबाबा दोन्ही काढतात आणि सांगतात, "हा माहा, अन् हा आमच्या फियाटचा." मग पाहुण्याला पाणी विचारतात. कुठलं हवं, असंही आता विचारत नाहीत. नळाचंच आणतात.